क्लीव्हलँडचा पब्लिक स्क्वेअर की सिनसिनाटीचा फाउंटन स्क्वेअर : तालुक्याच्या चौकाला कोणता लागू पडतो?

पऱ्हाटी_६२

नमस्कार मंडळी. नगरपंचायतीपुढे मुख्य चौकाच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव आहे. सल्लागाराच्या सादरीकरणात अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या दोन शहरांची चित्रं आहेत : क्लीव्हलँडचा पब्लिक स्क्वेअर आणि सिनसिनाटीचा फाउंटन स्क्वेअर. एकात मोठी हिरवळ, दुसऱ्यात मोठं कारंजं. सभेत निम्मे हिरवळीच्या बाजूने, निम्मे कारंज्याच्या.

आपली परिस्थिती अशी : चौक साधारण ७० बाय ६० मीटर. मधून राज्य मार्ग जातो, त्याला बाजारपेठेचा रस्ता काटतो. मधोमध पुतळा, तो हलणार नाही. मंगळवारी आठवडी बाजार, खाली काळी माती, उन्हाळ्यात नळाला तीन दिवसांआड पाणी.

विचारायचं एवढंच की या दोन चौकांत नेमका फरक काय? रस्ता बंद करून सलग चौक करणं कितपत बरं? आणि कारंजं, गट्टू (फरशीचे पेव्हर ब्लॉक) यांचं खरं गणित काय? चित्रं पाहून मत देऊ नका, ती आम्हीही पाहिली.

चौरस_फूट

पऱ्हाटीभाऊ, सादरीकरणात हे दोन चौक शेजारी लावले असले तरी त्यांची जातच वेगळी आहे.

पब्लिक स्क्वेअर म्हणजे चौफुली. १७९६ मध्ये मोझेस क्लीव्हलँडच्या सर्वेक्षण पथकाने गावाची आखणी केली तेव्हाच साधारण दहा एकरांचा चौक मोकळा सोडला. पुढे सुपीरियर अव्हेन्यू आणि ऑन्टारिओ स्ट्रीट त्याच्या मधोमध एकमेकांना छेदून गेले आणि चौकाचे चार तुकडे झाले. म्हणजे माणसांना बसायला चार कोपरे, आणि मधली सगळ्यांत मोक्याची जागा गाड्यांना. तुमचा चौक नेमका याच जातीचा आहे, फक्त पुष्कळ लहान. ७० गुणिले ६० म्हणजे ४२०० चौरस मीटर, एक एकराला किंचित जास्त.

फाउंटन स्क्वेअर ही चौफुली नव्हेच. तिथे आधी फिफ्थ स्ट्रीटवर खाटकांचा बाजार भरायचा. तो हटवून रस्त्याच्याच मधल्या पट्ट्यावर १८७१ मध्ये टायलर डेव्हिडसन कारंजं उभं राहिलं. हेन्री प्रोबॅस्को या व्यापाऱ्याने आपल्या मेहुण्याच्या, म्हणजे टायलर डेव्हिडसनच्या आठवणीत ते शहराला दिलं. पुतळे ओतले म्युनिकच्या ओतशाळेत. उंची ४३ फूट, वर हात पसरलेली बाई आणि तिच्या दोन्ही तळहातांतून पाण्याच्या धारा. साधारण शंभर वर्षांनी रस्त्याच्या एका बाजूला मोकळं पटांगण तयार केलं आणि १९७१ मध्ये कारंजं त्यात नेलं. आता रस्ते कडेने जातात, मधून एकही नाही.

म्हणून हिरवळ की कारंजं हा वादच बाजूला ठेवा. आधी चौकातून गाड्या कुठून जाणार हे ठरवा. ते ठरलं की बाकीच्या निम्म्या गोष्टी आपोआप ठरतात.

एक गोष्ट मात्र सल्लागाराला विचारा, की त्याने त्या कारंज्यावरचे पुतळे जवळून पाहिलेत का. मधल्या खांबाला चार गट आहेत. त्यातला एक कास्तकार, कोरड्या रानात पावसाची वाट पाहत उभा. दुसरा पेटलेल्या छपरावर बादली घेतलेला माणूस. एक आई लेकराला आंघोळीला नेते आहे, एक मुलगी म्हाताऱ्या बापाला पाणी पाजते आहे. आणि बाहेरच्या कठड्यावर चार पोरं प्राणी घेऊन बसलेली, तिथून पिण्याच्या पाण्याच्या तोट्या. आपल्याकडे याला पाणपोई म्हणतात. मंगळवारच्या बाजाराला तीच सगळ्यांत आधी लागते.

बारा_मीटर

भाऊ, रस्ता बंद कराच्या भानगडीत पडू नका बाप्पा. एसटी कुठून वयवाल? बारा मीटरची गाडी हाये. तिले वयाले बाहेरून बारा-साडेबारा मीटरची त्रिज्या लागते. बाजारपेठेच्या गल्लीत एवढी जागा कुठं हाये? वरून कापसाचा सीझन आला का ट्रॅक्टर-ट्रॉलीची लाईन. मोठ्या शहराले वयणरस्ते रायतात, आपल्याले एकच रस्ता.

चौरस_फूट

दादा म्हणतात त्याला क्लीव्हलँडचाच दाखला आहे, तोही दोनदा.

पहिला प्रसंग १८५७ चा. लोकांनी चौकाला चारही बाजूंनी कुंपण घालून रस्ते बंद केले, शांत बाग पाहिजे म्हणून. दहा वर्षं ते टिकलं. मग कोर्टाच्या निकालाने १८६७ मध्ये रस्ते पुन्हा मोकळे झाले.

दुसरा प्रसंग ताजा. उद्यान-रचनाकार जेम्स कॉर्नर यांच्या संस्थेच्या आराखड्यावर सुमारे ५ कोटी डॉलर खर्चून चौक नव्याने बांधला आणि जून २०१६ च्या अखेरीस खुला केला, कारण जुलैत शहरात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन होतं. ऑन्टारिओ स्ट्रीट चौकापुरता कायमचा काढला. सुपीरियर अरुंद करून फक्त बससाठी ठेवायचा होता. अधिवेशन संपलं तरी नगरपालिकेने तो बसला खुला केला नाही, बस चौकाला वळसा घालून जात राहिल्या. आता त्या चौकातूनच युक्लिड अव्हेन्यूची जलद बससेवा सुटते, आणि तिला केंद्राचं अनुदान मिळालेलं होतं. केंद्रीय परिवहन खात्याने अनुदानाच्या अटींवर बोट ठेवलं आणि सव्वा कोटी डॉलरच्या आसपास रक्कम परत मागण्यापर्यंत गोष्ट गेली. मार्च २०१७ मध्ये बस पुन्हा मधून सुरू झाल्या. मग सुरक्षेचं कारण देऊन त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना काँक्रीटचे महामार्गावरचे अडथळे आणून ठेवले. एवढा पैसा घालून केलेल्या चौकात ते राखाडी ठोकळे कित्येक वर्षं पडून राहिले. आता त्यांच्या जागी बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे ठेंगणे खांब, आले आहेत.

चूक रस्ता बंद करण्यात होती असं मी म्हणणार नाही. ऑन्टारिओ काढल्याने चार तुकड्यांचे दोन झाले आणि बसायला जागा झाली, ते चांगलंच झालं. चूक ही झाली की बस मधून जाणार की नाही हे बांधकामाआधी परिवहन खात्याशी कागदावर पक्कं केलं नाही.

तुमच्याकडे राज्य मार्ग आहे, म्हणजे तो नगरपंचायतीचा नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाचं लेखी ना-हरकत आणि एसटी आगाराचं पत्र हाती येईपर्यंत निविदा काढू नका. बाजारपेठेचा रस्ता मात्र तुमचा आहे. तो चौकापुरता पायी करता येईल का, हा खरा प्रश्न.

पऱ्हाटी_६२

हे कामाचं बोललात. बाजारपेठेचा रस्ता बंद केला तर दुकानांत माल कसा उतरेल?

बारा_मीटर

पहाटे पाच ते आठ खुला ठेवा. मधले दोन बोलार्ड निघतील असे, कुलूपवाले. किल्ली एक पोलीस ठाण्यात, एक नगरपंचायतीत, दुकानदाराजवळ अजिबात नाई. दोन बोलार्डांच्या मंधात १.२ मीटर मोकळं सोडलं तं कार अन् ट्रॅक्टर अडते, चाकाची खुर्ची निघून जाते. पन मोटारसायकल बी निघून जाते, ते ध्यानात ठेवा. तिले अडवासाठी जागा कमी केली तं पहिले अडकन म्हातारा माणूस अन् खुर्चीवाला. मोटारसायकलीले बोलार्ड नाई, दंडाची पावती पाहिजे.

अन् मिरवणूक इसरू नका. १४ एप्रिल, गणपती, पोळा, तान्हा पोळा. बैलाचा पाय घसरन अशी चकचकीत फरशी नको. विजेची तार साडेपाच मीटरच्या खाली नको, नाईतं दरवर्षी बांबूनं तार उचलणारा एक माणूस लागते.

तोटी_गळते

कारंज्याचं गणित मी देते, मग सभेत काय ते ठरवा.

समजा ८ मीटर व्यासाचा हौद. पृष्ठभाग झाला ५० चौरस मीटर. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या पाण्याची दिवसाला १० मिलिमीटर वाफ सहज होते, म्हणजे रोज ५०० लिटर. उडत्या धारेचं वाऱ्याने बाहेर जाणारं पाणी धरलं तर दुप्पट समजा. महिन्याला ३० हजार लिटर, ५ हजारांचे सहा टँकर. गावात तीन दिवसांआड नळ असताना चौकात हे पाणी नाचताना दिसलं, की पहिल्याच आठवड्यात मोर्चा येईल आणि तो रास्तच असेल.

दुसरं, बोअरचं पाणी जड. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. त्यात वरून नुसतं पाणी भरत गेलात तर दोन-तीन महिन्यांत तोट्यांच्या तोंडावर पांढरा थर धरतो, धार वाकडी जाते आणि पंपावर दाब येतो. त्यासाठी आठवड्याला हौदातलं निदान चौथा हिस्सा पाणी काढून नवं भरावं लागतं. ते काढलेलं पाणीही खारं, झाडाला रोज घालण्यासारखं नाही. तोटीचं भोक ६ मिलिमीटरपेक्षा बारीक घेऊ नका. धुक्यासारखे फवारे प्रदर्शनात शोभतात, बोअरच्या पाण्यावर ते महिनाभर चालत नाहीत.

तिसरं, डास. पंप बंद पडून पाणी आठ दिवस उभं राहिलं की डासांची पैदास पूर्ण होते. पंप बंद पडणार याची खात्री बाळगा, कारण दुरुस्तीचं बिल मंजूर व्हायला आठ दिवसांहून जास्त लागतात. हौदाच्या तळाला उतार आणि एकदम रिकामा करणारा व्हॉल्व्ह पाहिजेच.

दिवे लावायचे तर पाण्यात १२ व्होल्टचेच. फीडरला ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक ब्रेकर आणि स्वतंत्र अर्थिंग. हे एस्टिमेटमध्ये वेगळ्या ओळीत लिहून घ्या. 'विद्युत काम एकमुस्त' असं लिहिलं की नेमका हाच ब्रेकर गायब होतो.

क्लीव्हलँडला हौदाचं कारंजं नाही, फरशीतून उडणारं पाणी आहे, पोरं त्यात खेळतात. हौद नसल्याने हिवाळ्यात तीच जागा बर्फावर घसरायला वापरतात. दिसायला सोपं वाटतं, पण फरशीखाली टाकी, गाळणी आणि क्लोरीनची यंत्रणा असते. पोरांच्या तोंडात जाणारं पाणी पुन्हा पुन्हा फिरतं, क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) राखावं लागतं आणि ते दिवसातून निदान दोनदा तपासावं लागतं. तपासायला माणूस नसेल तर ते बांधूच नका, हगवणीची साथ लागेल.

माझं मत : पुतळ्याजवळ एक पक्की पाणपोई. हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या, सावलीत. चार तोट्या, त्यातली एक ६० सेंटिमीटरवर पोरांसाठी. सांडलेलं पाणी सरळ झाडाच्या आळ्यात.

हिरवळवाला

कारंजं नको हे पटलं, पण हिरवळ का नको? क्लीव्हलँडला हिरवळीमुळेच लोक बसायला येतात.

तोटी_गळते

क्लीव्हलँड ईरी सरोवराच्या काठावर आहे. तिथला त्रास थंड वाऱ्याचा, आपला उन्हाचा. हिरवळीला मे महिन्यात चौरस मीटरला रोज ५-६ लिटर पाणी लागतं, हजार चौरस मीटरला ५-६ हजार लिटर. म्हणजे कारंज्याच्या पाचपट! आणि दुपारी १२ ते ५ तिच्यावर कोण बसेल? सावली नसलेली हिरवळ आपल्याकडे बकऱ्यांच्या कामाची.

कडुनिंब आणि करंज लावा, सहा ते आठ मीटरवर. खड्डा १ बाय १ बाय १ मीटर, काळी माती काढून पोयटा आणि शेणखत. बुंध्याभोवती दीड मीटर चौरस जागा उघडी, तिथे गट्टू नाही. गुलमोहर नको, वादळात फांदी मोडते आणि खाली ठेला असतो. वड-पिंपळ पाहिजे तर एकच, त्याला पार बांधा, पण बुंध्याला चिकटून नाही.

मुरूम_गिट्टी

गट्टूचं कोणीच बोललं नाही आणि निम्मा पैसा तिथेच जाणार.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर सरळ दगडाची चुरी पसरून गट्टू बसवले की पहिल्या दिवाळीपर्यंत चौक लाटांसारखा दिसतो. थर असे घ्या, खालून वर : ३०० मिमी मुरूम, १५० मिमीच्या दोन थरांत, पाणी मारून व्हायब्रेटर रोलरच्या प्रत्येकी आठ-दहा फेऱ्या. त्यावर २०० मिमी गिट्टी-मुरुमाचा थर, तोही दाबून. त्यावर ३० मिमी जाड वाळू, ही दाबायची नाही, फक्त फळीने सपाट करायची. त्यावर ८० मिमी गट्टू. एकूण ६१० मिमी, म्हणजे दोन फूट खोदाई. ठेकेदार एक फुटात भागवू म्हणेल, त्याला खड्ड्याची खोली मुरूम पडायच्या आधी टेप लावून दाखवायला सांगा आणि त्या मोजणीचा फोटो एम.बी.ला (कामाच्या मोजमाप पुस्तकाला) जोडा. मुरूम पडल्यावर खोली कोणाला कळत नाही.

हजार चौरस मीटरला दाबलेला मुरूम ३०० घनमीटर, गाडीत सैल मोजला तर पावणेचारशेच्या वर. वाळू ३० घनमीटर.

भारतीय मानक १५६५८ प्रमाणे फक्त पायी जागेला एम-३० (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) चा ५० मिमी गट्टू चालतो, हलक्या वाहनांना एम-३५ चा ६० मिमी, मध्यम वाहतुकीला एम-४० चा ८० मिमी. तुम्ही म्हणाल चौक पायी आहे, मग ८० कशाला? मिरवणुकीचा ट्रॅक्टर, मंडप वाहणारा ट्रक आणि अग्निशमन गाडी, हे तिन्ही येणारच. राज्य मार्गाच्या पट्ट्यावर मात्र गट्टू घालूच नका, तिथे सिमेंट रोडच.

कडेला १५० मिमी रुंद, ३०० मिमी खोल काँक्रीटची कड पाहिजे. ती नसली की कडेचे गट्टू सरकतात, सांधे उघडतात, वाळू वाहून जाते आणि मग मधले हलायला लागतात. बिघाड नेहमी कडेपासून सुरू होतो.

उतार ५० ला १. म्हणजे २० मीटरला ४० सेंटिमीटर, आणि तो नालीकडे. इथे एक फसगत नेहमीची : नालीची उंची आज ठरते, दोन वर्षांनी राज्य मार्गावर सिमेंटचा आणखी एक थर चढतो, रस्ता चौकापेक्षा वर जातो आणि चौकाचं तळं होतं. ना-हरकत घेताना रस्त्याची अंतिम पातळी बांधकाम विभागाकडून लिहून घ्या, चौकाची पातळी त्याच्या १०० मिमी वर ठेवा.

बाजाराच्या पालांसाठी लोक गट्टूत लोखंडी खुंटे ठोकतात. पहिल्याच मंगळवारी. त्यापेक्षा ३ बाय ३ मीटरच्या चौकटीत ५० मिमी व्यासाचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) पाइप ४५० मिमी खोल काँक्रीटमध्ये पुरून ठेवा, वर चुडीचं (फिरवून बसणारं) झाकण, तळाला गिट्टी म्हणजे पाणी मुरतं. बांबू त्यात उभा राहतो. तीच चौकट दुकानांची आखणी होते, वेगळा चुना मारायला नको.

हिरवळवाला

मग सिनसिनाटीकडून घेण्यासारखं काहीच नाही का?

चौरस_फूट

आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत मोठं, फक्त ते चित्रात दिसत नाही.

१९७१ चा फाउंटन स्क्वेअरही कालांतराने ओस पडला होता. इमारतींना जोडणारे हवेतले पादचारी पूल होते, लोक वरून निघून जायचे, खाली कोण येणार? २००५-०६ मध्ये चौक पुन्हा बांधला. चौकावरचा पूल काढला, कारंजं आणखी मध्यावर घेतलं आणि फिरवलं. मूळ तोंड पूर्वेला, १९७१ मध्ये पश्चिमेला, आता दक्षिणेला. खालचं भूमिगत वाहनतळ दुरुस्त केलं, कडेला खाण्याची दुकानं आणली. पण खरी गोष्ट अशी की शहराने २००३ मध्ये स्थापन झालेल्या थ्रीसीडीसी या ना-नफा संस्थेकडे चौकाचा रोजचा कारभार सोपवला. झाडलोट, खुर्च्या, कार्यक्रम, हिवाळ्यात बर्फाचं मैदान, सगळं एका हातात. काही मोडलं की कोणाला विचारायचं हे ठाऊक असतं.

आपल्याकडे सफाई एकाकडे, दिवे दुसऱ्याकडे, पुतळा समितीकडे, ठेले बाजार ठेकेदाराकडे. प्रस्तावात बांधकामाच्या खर्चाखाली एक ओळ वाढवून घ्या : पहिली तीन वर्षं देखभाल, एक पूर्णवेळ माणूस, आणि ठेल्यांच्या भाड्यातून वेगळं खातं. ती ओळ मंजूर होत नसेल तर गट्टूचं क्षेत्र कमी करा, पण माणूस ठेवा.

पऱ्हाटी_६२

पुतळ्याबद्दल एक राहिलं. चबुतरा मध्यावर आहे आणि राज्य मार्ग त्याच्या दोन्ही बाजूंनी जातो. सिनसिनाटीत कारंजं हलवलं तसं काही सुचवू नका, गावात आग लागेल.

चौरस_फूट

सुचवत नाही. पुतळे क्लीव्हलँडनेही हलवले आहेत. नौदल अधिकारी कमोडोर पेरीचा पुतळा १८६० मध्ये चौकाच्या अगदी मध्यावर बसवला होता, पुढे वाहतुकीसाठी तो बाजूच्या तुकड्यात नेला आणि यादवी युद्धातल्या सैनिकांचं १२५ फुटी स्मारक करायचं ठरल्यावर चौकाबाहेरच काढला. ते सैनिक-खलाशी स्मारक १८९४ पासून जागचं हललेलं नाही, २०१६ चा आराखडाही त्याला वळसा घालून केला. आपल्याकडे चबुतऱ्याची एक वीट काढायची तरी जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत कागद जातो, आणि ते बरंच आहे.

पुतळा आहे तिथेच ठेवून दोन्ही बाजूंच्या रस्त्यांपैकी एक बंद होतो का ते पाहा. दुसरा ७ मीटरचा दुहेरी केला तर चबुतरा बेटावरून सुटून थेट चौकाला जोडला जातो. हार घालायला रस्ता ओलांडावा लागणार नाही. वळणाची त्रिज्या बसते की नाही ते बारा_मीटर दादांना विचारा.

बारा_मीटर

नकाशा टाका भाऊ, मोजमापासहित. पूर्वेकडच्या पानठेल्यापासून चबुतऱ्यापर्यंत १६ मीटर भरत असन तं बसते. कमी असन तं ठेला सरकवा लागन, अन् ते पुतळा हलवण्याएवढंच कठीण हाये.